दंतवैद्यकातील त्रिमितीय प्रतिमांकन : कोन बीम सीटीचे तत्त्व, रुग्णसेवेतील उपयोग आणि मर्यादा

गोषवारा :

दात व जबडा यांच्या तपासणीत गेल्या पाव शतकात कोन बीम सीटी या त्रिमितीय प्रतिमांकन पद्धतीने महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. साध्या क्ष-किरण चित्रात न दिसणारी तिसरी मिती या पद्धतीमुळे दंतवैद्याला उपलब्ध झाली. दंतरोपण, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, मूळनलिका उपचार, हाडात अडकलेले दात आणि जबड्याचे विकार अशा अनेक बाबतींत तिचा उपयोग होतो. तथापि साध्या चित्राच्या तुलनेत या पद्धतीत रुग्णाला मिळणारी किरणमात्रा अधिक असते व खर्चही अधिक येतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे भौतिक तत्त्व, तिचा विकास, रुग्णसेवेतील उपयोग, मर्यादा आणि सुरक्षिततेचे निकष यांचा परामर्श घेतला आहे. स्कॅनची उपयुक्तता यंत्राच्या क्षमतेइतकीच स्कॅनपूर्वी विचारलेल्या वैद्यकीय प्रश्नावर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीज संज्ञा : कोन बीम सीटी, त्रिमितीय प्रतिमा, व्हॉक्सेल, दंतरोपण, किरणमात्रा, समर्थनाचे तत्त्व.

१. प्रस्तावना :

दात दुखू लागला की दंतवैद्याकडे जावे, त्यांनी दाताचा एक्स-रे काढावा आणि त्यावरून उपचार ठरवावा, हा अनुभव आज बहुतेकांच्या परिचयाचा आहे. अलीकडे मात्र अनेक रुग्णांना 'थ्री-डी स्कॅन करून या' असे सांगितले जाते. हा स्कॅन म्हणजे काय, साध्या एक्स-रेपेक्षा त्यात अधिक काय दिसते आणि तो खरोखर आवश्यक आहे का, हे प्रश्न रुग्णाच्या मनात असतात; पण ते विचारले जातातच असे नाही.

या विषयाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारण ठरला. प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांच्या खालच्या दोन दाढा काढल्यानंतर तेथे दंतरोपण करण्याचे ठरले. एका केंद्रात त्यांच्या दोन्ही जबड्यांचा स्कॅन करण्यात आला आणि चार रंगीत कागद व एका ओळीचा अहवाल हाती देण्यात आला. पुढे दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेल्यावर त्यांना त्या जागेच्या हाडाची रुंदी आणि नसेपर्यंतचे अंतर मोजायचे होते. कागदावरील चित्रांत नेमका तोच छेद नव्हता. मूळ संगणकीय माहितीची सीडी मागितली असता ती जतन केलेली नव्हती. परिणामी दुसरा स्कॅन करावा लागला. खर्च दुप्पट झाला आणि जी किरणमात्रा टाळता आली असती ती शरीरात गेली. भौतिकशास्त्राच्या वर्गात क्ष-किरणांचे शोषण शिकविताना हा प्रसंग वारंवार आठवतो. या प्रसंगात यंत्र निर्दोष होते, चित्रेही स्वच्छ होती. ती कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी काढावयाची हे मात्र कोणी आधी ठरविले नव्हते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) कोन बीम सीटीचे तत्त्व सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने मांडणे.
२) रुग्णसेवेतील तिच्या प्रमुख उपयोगांचा आढावा घेणे.
३) तिच्या मर्यादा आणि किरणसुरक्षेचे निकष स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. या शोधाबद्दल १९०१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाची वार्ता पसरताच काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज त्याच कामाला सेकंदाचा अंशही पुरतो.

या इतिहासाला एक दुःखद बाजूही आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून दंतवैद्यकात क्ष-किरणांचा वापर रूढ केला. त्या काळात किरणांचे दुष्परिणाम ज्ञात नव्हते. रुग्णाच्या तोंडातील फिल्म ते स्वतःच्या हाताने धरत असत. कालांतराने त्यांच्या हाताला कर्करोग झाला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, प्रथम बोटे, नंतर हात गमवावा लागला आणि १९२८ मध्ये त्यांनी जीवनयात्रा संपविली. दंतवैद्यकीय किरणसुरक्षेचा विचार करताना केल्स यांचे स्मरण करणे अपरिहार्य ठरते.

पुढे फिनलंडमधील यिर्यो पाटेरो यांच्या कार्यामुळे दोन्ही जबडे एकाच पट्टीवर दाखविणारे चित्र शक्य झाले. आज आपण त्याला ओपीजी म्हणतो. तथापि हे चित्रही सपाटच होते. शरीराचा आतील छेद दाखविण्याची क्रांती घडविली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

रुग्णालयातील सीटी यंत्र दंतवैद्याच्या दवाखान्यासाठी फार मोठे, महाग आणि अधिक किरणमात्रा देणारे होते. या अडचणीवर दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी उत्तर शोधले गेले. इटलीतील व्हेरोना येथील पिएरो मोझ्झो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूटॉम ९००० या यंत्राविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. जपानमध्ये निहोन विद्यापीठातील योशिनोरी अराई व सहकाऱ्यांनी लहान क्षेत्र टिपणारे यंत्र विकसित करून १९९९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. दंतवैद्यकातील कोन बीम सीटीचा प्रारंभ येथून झाला.

४. तत्त्व व कार्यपद्धती :

४.१ सपाट चित्राची मर्यादा : क्ष-किरण चित्र ही मूलतः एक सावली असते. संध्याकाळी अंगणातील तुळशीवृंदावन आणि त्याच्या मागचा खांब यांच्या सावल्या एकाच भिंतीवर पडतात. सावली पाहून खांब वृंदावनाला टेकलेला आहे की दोन हात मागे आहे, हे सांगता येत नाही. दाताच्या एक्स-रेत हेच घडते. गाल आणि जीभ यांच्यामधील जाडी चित्रात दडपली जाते. अक्कलदाढेचे मूळ आणि नसेची नळी एकमेकांवर आलेली दिसली तरी त्यांत प्रत्यक्ष स्पर्श आहे की अंतर आहे, हे निश्चित होत नाही. शिवाय ओपीजीमध्ये प्रतिमा मूळ आकारापेक्षा मोठी येते आणि ही वाढ सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे त्यावरील मोजमाप काळजीपूर्वकच वापरावे लागते.

४.२ एक प्रदक्षिणा : देवळाला प्रदक्षिणा घालताना प्रत्येक पावलागणिक त्याची वेगळी बाजू दिसते आणि शेवटी मनात संपूर्ण वास्तूची कल्पना उभी राहते. कोन बीम सीटीचे यंत्र रुग्णाच्या डोक्याभोवती अशीच एक प्रदक्षिणा, काही यंत्रांत अर्धी प्रदक्षिणा, घालते. एका बाजूला क्ष-किरणांचा उगम आणि समोर सपाट ग्राहक पटल असते. उगमातून शंकूच्या आकाराचा झोत बाहेर पडतो. 'कोन बीम' हे नाव त्यावरूनच आले. साधारणतः १० ते ४० सेकंदांच्या फेरीत वेगवेगळ्या कोनांतून शेकडो सपाट चित्रे घेतली जातात. रुग्ण बसलेला किंवा उभा असतो आणि त्याने या काळात स्थिर राहणे एवढेच अपेक्षित असते.

या शेकडो सावल्यांवरून मूळ वस्तूची अंतर्गत रचना शोधून काढणे हे गणिताचे काम आहे. वस्तूतून सर्व दिशांनी जाणाऱ्या रेषांवरील बेरजा ज्ञात असतील तर वस्तूचे अंतरंग ठरविता येते, हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केले होते. त्या वेळी वैद्यकीय उपयोगाचा विचारही त्यामागे नव्हता. शंकूच्या आकाराच्या झोतासाठी व्यवहारात वापरता येईल अशी गणनपद्धती फेल्डकॅम्प, डेव्हिस व क्रेस यांनी १९८४ मध्ये मांडली. शुद्ध गणितातील सिद्धांत आठ दशकांनी दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचावा, हे ज्ञानशाखांच्या परस्परसंबंधाचे बोलके उदाहरण आहे.

४.३ व्हॉक्सेल : सपाट चित्र जसे पिक्सेल या चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते, तसे त्रिमितीय चित्र व्हॉक्सेल या सूक्ष्म घनांचे बनलेले असते. कोन बीम सीटीत या घनाची बाजू सामान्यतः ०.०७५ ते ०.४ मिलिमीटर असते व तिन्ही दिशांना ती समान असते. म्हणून चित्र कोणत्याही दिशेने छेदले तरी मोजमाप विश्वसनीय राहते. उदाहरणादाखल, ५ सेंटिमीटर व्यास व ५ सेंटिमीटर उंचीच्या दंडगोलाकार क्षेत्राचे घनफळ सुमारे ९८,००० घन मिलिमीटर होते. व्हॉक्सेलची बाजू ०.१ मिलिमीटर धरल्यास प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये १,००० व्हॉक्सेल बसतात; म्हणजे एवढ्या लहान क्षेत्रातही सुमारे ९.८ कोटी व्हॉक्सेलची माहिती साठविली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. व्हॉक्सेलची बाजू निम्मी केली तर त्यांची संख्या आठपट होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे किरण कमी होतात. त्यामुळे चित्रात कणकणीतपणा वाढतो. तो कमी करावयाचा असेल तर किरणमात्रा वाढवावी लागते. अधिक बारीक चित्राची किंमत अशा रीतीने रुग्णालाच मोजावी लागते. म्हणूनच दाताच्या मुळातील तडा शोधताना आवश्यक असलेली सूक्ष्मता जबड्याच्या हाडाची उंची मोजताना वापरण्याचे कारण नाही.

५. रुग्णसेवेतील उपयोग :

५.१ दंतरोपण : १९६५ मध्ये स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी टायटॅनियमच्या रोपणावर आधारित दंतोपचार प्रथम रुग्णावर केला. रोपण म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला स्क्रू. त्यावर नंतर कृत्रिम दात बसविला जातो. यासाठी हाडाची उंची व रुंदी या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. साध्या चित्रात उंचीचा अंदाज येतो, रुंदी मात्र दिसत नाही. दात काढून बराच काळ लोटल्यावर हाड आतून-बाहेरून झिजते आणि वरून भरदार वाटणारी हिरडी आतल्या पातळ हाडाला झाकून टाकते.

खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. रोपणाचे टोक आणि या नसेची नळी यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनस ही हवेची पोकळी असते. तिचा तळ किती जवळ आहे हे पाहावे लागते. खालच्या जबड्याच्या जिभेकडील बाजूस हाडाला खोलगट वळण असते. ते लक्षात न आल्यास ड्रिल हाडाबाहेर जाऊन रक्तवाहिनीला इजा होऊ शकते आणि तोंडाच्या तळाशी होणाऱ्या रक्तस्रावामुळे श्वासमार्गच धोक्यात येऊ शकतो. छेदचित्रात ही वळणे स्पष्ट दिसतात. स्कॅनची माहिती आणि तोंडाच्या आतील पृष्ठभागाचे डिजिटल माप एकत्र करून ड्रिलला दिशा देणारा साचाही तयार करता येतो.

५.२ अक्कलदाढ : खालची अक्कलदाढ काढताना होणाऱ्या नसेच्या इजेमुळे ओठ बधिर होतो. बहुतेक रुग्णांत ही बधिरता काही आठवड्यांत वा महिन्यांत जाते. क्वचित ती कायम राहते. ओपीजीत नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसणे, नळी वळलेली दिसणे किंवा मूळ तेथे अधिक काळे दिसणे, ही जवळिकीची लक्षणे मानली जातात. अशा वेळी त्रिमितीय स्कॅनमुळे नस मुळाच्या कोणत्या बाजूने जाते हे कळते. त्यावरून दाढेचा वरचा भाग काढून मुळे तशीच ठेवण्याचा पर्यायही निवडता येतो.

परंतु येथेही सावधपणे बोलणे इष्ट ठरते. युरोपात झालेल्या यादृच्छिक चाचण्यांत स्कॅन केलेल्या आणि केवळ ओपीजीवर विसंबलेल्या रुग्णगटांची तुलना करण्यात आली. स्कॅनमुळे नसेच्या इजेचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यांत आढळले नाही. स्थान अधिक अचूक कळले म्हणजे शस्त्रक्रियेतील इजा आपोआप टळतेच असे नाही. सबब प्रत्येक अक्कलदाढेसाठी स्कॅन करण्याऐवजी, ओपीजीत जवळिकीची लक्षणे दिसत असतील आणि स्कॅनच्या उत्तरामुळे शस्त्रक्रियेची योजना बदलणार असेल, तेव्हाच तो करावा, हे धोरण अधिक युक्त ठरते.

५.३ मूळनलिका उपचार : रूट कॅनॉल या नावाने परिचित असलेल्या उपचाराचे यश दाताच्या मुळातील प्रत्येक नलिका सापडण्यावर अवलंबून असते. वरच्या पहिल्या दाढेला साधारणतः तीन मुळे असतात. त्यांपैकी गालाकडील पुढच्या मुळात दुसरी नलिका असण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. ती पहिल्या नलिकेच्या मागे दडलेली असल्याने साध्या चित्रात सहसा दिसत नाही. ही नलिका राहून गेल्यास उपचारानंतरही दुखणे चालू राहते, रुग्ण पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो आणि शेवटी दात काढण्याची वेळ येते. अशा वेळी लहान क्षेत्राचा, बारीक व्हॉक्सेलचा स्कॅन दात वाचविण्यास मदत करतो. मुळाच्या टोकाची गाठ, मुळाची झीज व अपघातातील इजा यांतही तो उपयुक्त ठरतो.

५.४ हाडात अडकलेला सुळा : अक्कलदाढांखालोखाल वरचा सुळा हाडात अडकण्याचे प्रमाण अधिक असते. हा दात साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. तो न आल्यास टाळूकडे आहे की ओठाकडे, आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ त्याच्या दाबाने झिजू लागले आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे असतात. कोणत्या बाजूने शस्त्रक्रिया करावी, तार लावून दात कोणत्या दिशेने ओढावा, हे त्यांच्या उत्तरावर ठरते. मात्र येथे रुग्ण हा लहान मुलगा किंवा मुलगी असल्याने प्रथम बोटाने चाचपून व साध्या चित्रांवरून उत्तर मिळते का, हे पाहणे दंतवैद्याचे कर्तव्य ठरते.

५.५ अन्य उपयोग : दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांत हिरडीच्या भागात हाड भरण्याची योजना, जबड्यातील पुटी, अस्थिभंग, जबड्याच्या सांध्याच्या हाडांतील बदल आणि जबड्याचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रिया यांत ही पद्धत वापरली जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एका उपयोगाचा उल्लेख करणे योग्य होईल. सुपारी व गुटखा यांच्या सेवनामुळे तोंडातील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी या विकाराचे रुग्ण दंतवैद्यांकडे येतच असतात. ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत त्याच्या दाढेमागे फिल्म वा सेन्सर ठेवणे जिकिरीचे, प्रसंगी अशक्य असते. अशा रुग्णात तोंडाबाहेरून चित्र घ्यावे लागते. ओपीजीने उत्तर न मिळाल्यास लहान क्षेत्राचा स्कॅन उपयोगी पडतो.

६. मर्यादा :

कोन बीम सीटी हाड व दात उत्तम दाखविते. मऊ ऊती मात्र तिच्यात नीट वेगळ्या दिसत नाहीत. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा मऊ भागातील प्रसार किंवा गळ्यातील गाठी पाहण्यासाठी नेहमीचा सीटी अथवा एमआरआय आवश्यक असतो. जबड्याच्या सांध्यातील चकतीसाठीही एमआरआयच योग्य होय. नेहमीच्या सीटीत हाडाची घनता दर्शविण्यासाठी हाउन्सफील्ड यांच्या नावाचे एकक वापरतात. कोन बीम सीटीतील करड्या छटा त्या अर्थाने विश्वसनीय नसतात.

धातूच्या टोप्या, चांदी भरलेले दात व आधीची रोपणे यांमुळे चित्रात काळे-पांढरे पट्टे उमटतात. ज्या दाताच्या मुळात तडा असल्याचा संशय आहे त्यातच धातूची खुंटी असेल, तर हे पट्टे तड्याचा भास निर्माण करू शकतात. रुग्ण हलल्यास चित्र दुहेरी दिसते. केवळ कीड शोधण्यासाठी ही पद्धत वापरणे समर्थनीय नाही. त्यासाठी साधा एक्स-रे आणि दंतवैद्याची नजर पुरेशी आहे.

७. किरणमात्रा व सुरक्षितता :

युरोपीय आयोगाच्या साहाय्याने झालेल्या सेडेंटेक्ससीटी प्रकल्पाची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत संकलित केलेले प्रभावी मात्रेचे आकडे उद्बोधक आहेत. तोंडातील एका साध्या चित्रासाठी ही मात्रा १.५ मायक्रोसीव्हर्टपेक्षा कमी, ओपीजीसाठी सुमारे ३ ते २४, दात व हिरडीच्या भागाच्या कोन बीम सीटीसाठी ११ ते ६७४ आणि जबड्याच्या नेहमीच्या सीटीसाठी २८० ते १,४१० मायक्रोसीव्हर्ट अशी नोंद आहे.

हे आकडे नैसर्गिक किरणांच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. माती, अन्न, हवा व अवकाश यांतून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २,४०० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला ६.६ मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते. या हिशेबाने ६० मायक्रोसीव्हर्टचा स्कॅन म्हणजे नऊ दिवसांची, तर ६७४ मायक्रोसीव्हर्टचा स्कॅन म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाची नैसर्गिक मात्रा होय. घाबरून आवश्यक उपचार टाळण्याइतकी ही मात्रा मोठी नाही. पण हकनाक घेण्याइतकी क्षुल्लकही नाही. शिवाय 'थ्री-डी स्कॅन' या एकाच नावाखाली साठपट फरकाच्या मात्रा येतात, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. यंत्र, क्षेत्राचा आकार व निवडलेली सूक्ष्मता यांवर हा फरक अवलंबून असतो.

मुलांच्या ऊती किरणांना अधिक संवेदनशील असतात, आणि परिणाम प्रकट होण्यासाठी त्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य असते. म्हणून त्यांच्या बाबतीत क्षेत्र लहान ठेवणे व मात्रा कमी करणे अगत्याचे आहे. शिशाच्या संरक्षक पट्ट्यांविषयीचे मतही आता बदलत आहे. दंत प्रतिमांकनात गळ्याचे व पोटाचे आच्छादन नित्य वापरण्याची आवश्यकता नाही, अशी शिफारस अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये केली. झोत नेमक्या भागापुरता मर्यादित ठेवणे आणि अनावश्यक चित्र न घेणे हेच खरे संरक्षण, ही भूमिका त्यामागे आहे.

भारतात क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईतील अणुशक्तिनगर येथे आहे. यंत्र मंडळाच्या निकषांनुसार असणे व केंद्राने रीतसर मान्यता घेणे अपेक्षित आहे. तथापि नियामक संस्था यंत्राची सुरक्षितता पाहू शकते. अमुक रुग्णाला अमुक स्कॅन हवा होता का, याचा निर्णय दंतवैद्यालाच करावा लागतो.

८. चर्चा :

किरणसुरक्षेच्या परिभाषेत या निर्णयाला 'समर्थन' असे म्हणतात. लाभ हा हानीपेक्षा अधिक असल्याशिवाय किरणांचा वापर करू नये, हे त्याचे सार होय. यासाठी प्रथम रुग्णाचा वृत्तांत, नंतर प्रत्यक्ष तपासणी, मग आवश्यक ते साधे चित्र आणि त्यांतून उत्तर न मिळाल्यासच त्रिमितीय स्कॅन, हा क्रम पाळावा लागतो. स्कॅनच्या चिठ्ठीवर केवळ 'सीबीसीटी' असे लिहिण्याऐवजी 'खालची उजवी पहिली दाढ, रोपणासाठी हाडाची रुंदी व नसेपर्यंतचे अंतर' असे लिहिले, तर क्षेत्र, सूक्ष्मता आणि मात्रा या तिन्ही गोष्टी त्या वाक्यातूनच निश्चित होतात. प्रारंभी सांगितलेल्या प्रसंगात अशी एक ओळ लिहिली गेली असती आणि मूळ माहिती जपली गेली असती, तर दुसऱ्या स्कॅनची गरज पडली नसती.

स्कॅन झाल्यावरची जबाबदारीही तितकीच महत्त्वाची आहे. टिपलेले संपूर्ण क्षेत्र वाचले गेले पाहिजे. एका दाढेसाठी केलेल्या स्कॅनमध्ये सायनसचा विकार किंवा दुसऱ्या बाजूची पुटी आढळू शकते. ती दिसत असूनही पाहिली न जाणे ही रुग्णाची फसगत ठरेल. मुख रोगनिदान व क्ष-किरणशास्त्र ही दंतवैद्यकातील स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे; मोठ्या क्षेत्राच्या स्कॅनचा अहवाल अशा तज्ज्ञाकडून घेणे श्रेयस्कर होय. तालुक्याच्या गावातील रुग्ण स्कॅनसाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जातो. त्याला अर्धवट अहवाल घेऊन परत पाठविणे म्हणजे त्याच्या वेळेचा, पैशाचा आणि शरीराचा अपव्यय होय.

९. निष्कर्ष :

१) कोन बीम सीटीमुळे जबड्याची तिसरी मिती अचूक मोजता येते, दंतरोपण, अवघड मूळनलिका उपचार व अडकलेले दात यांत तिचा लाभ स्पष्ट आहे.
२) ही पद्धत साध्या एक्स-रेला पूरक आहे, ती सरसकट त्याची जागा घेऊ शकत नाही.
३) अधिक सूक्ष्म व अधिक मोठे चित्र नेहमीच अधिक उपयुक्त असते, असा समज निराधार आहे.
४) अचूक प्रतिमेमुळे उपचाराचा परिणाम सुधारतोच असे नाही, अक्कलदाढेबाबतच्या चाचण्यांतून हे दिसून येते.

१०. शिफारशी :

१) दंतवैद्यांनी स्कॅनच्या चिठ्ठीवर वैद्यकीय प्रश्न व आवश्यक क्षेत्र स्पष्ट लिहावे.
२) केंद्रांनी छापील कागदांसोबत मूळ डायकॉम माहिती सीडी वा पेन ड्राइव्हवर रुग्णाला द्यावी व स्वतःकडेही जतन करावी.
३) रुग्णांनी तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : या स्कॅनमुळे माझ्या उपचारात काय बदलेल? साध्या चित्राने भागेल का? पूर्वीचा स्कॅन वापरता येईल का?
४) मुलांच्या पालकांनी लहान क्षेत्राच्या व कमी मात्रेच्या पर्यायाविषयी आवर्जून विचारणा करावी.

समारोप :

वाल्कहोफ यांच्या पंचवीस मिनिटांपासून आजच्या काही सेकंदांपर्यंतचा हा प्रवास निश्चितच अभिमानास्पद आहे. या प्रवासाच्या आरंभी केल्स यांनी हात गमावला तो ज्ञानाच्या अभावी. आज ते ज्ञान आपल्यापाशी आहे. म्हणून स्कॅनची चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताने क्षणभर थांबून 'मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे?' असे स्वतःला विचारणे, आणि खुर्चीतील रुग्णानेही तोच प्रश्न नम्रपणे विचारणे, यातच या तंत्रज्ञानाचा विवेकी वापर सामावलेला आहे.